सॅक्सोफोन, मास्तर आणि नाव

लग्नाच्या वरातीत बँडवाल्याने सॅक्सोफोन तोंडाला लावला, की गावची पोरे त्याच्यासमोर चिंच चोखत उभी राहत. चिंच पाहून त्याच्या तोंडाला पाणी सुटावे, ते नळीत उतरावे आणि सूर फसावा, एवढाच त्या खेळाचा हेतू. आमच्या रिठदला हा खेळ मी लहानपणी पाहिला आहे, आणि खोटे कशाला सांगू, खेळलोही आहे. फरक इतकाच, की समोर सॅक्सोफोन घेऊन उभा असलेला माणूस माझा सख्खा चुलता होता. आम्ही त्यांना मोठेबा म्हणत असू.

रिठद तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. वाशीम जिल्हा झाला १९९८ साली. मोठेबा ज्या बँड पार्टीत वाजवत तिचा मास्तर मुसलमान होता, क्लॅरोनेट आणि ट्रम्पेटवर मांगवाड्यातले दोघे, मोठा ढोल आमच्या वस्तीतल्या एकाकडे. लाल कोट, पिवळी झालर, डोक्यावर टोपी. वरात मारुतीच्या पारापर्यंत जाईतो या सगळ्यांना मान असे. एकदा मांडव लागला की ते मांडवाबाहेर, आणि पंगत उठल्यावर शेवटी त्यांची पाने. कोणाच्या घरी काय घडले हे इथे सांगत नाही. वाचकांपैकी अनेकांच्या घरात असा एखादा मोठेबा असेल आणि त्यांना ते ठाऊक असेल.

मोठेबांचे आवडते गाणे १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटातले होते. त्यातली सुरुवातीची पितळी वाद्यांची झेप ते सॅक्सोफोनवर अशी काही घेत, की घोडा बिचके. कोणी विचारले तर म्हणत, हा तुकडा सी. रामचंद्रांचा. पुष्कळ वर्षांनी मला कळले, की असल्या तुकड्यांमागे आणखी एक माणूस उभा होता. त्याचे नाव मोठेबांनी आयुष्यात ऐकले नाही. हा लेख त्या माणसाविषयी, आणि त्याचा व त्याच्या संगीत दिग्दर्शकाचा जो संबंध होता त्याविषयी आहे. त्या निमित्ताने अमेरिकेतल्या एका सॅक्सोफोनवादकाविषयीही लिहावे लागेल, कारण तीच गोष्ट तिकडे निराळ्या रीतीने घडली.

आधी चिंचेचा हिशेब पुरा करू. तोंडाने फुंकायचे वाद्य म्हणजे थुंकीचे वाद्य, उष्टे वाद्य. चामड्याचे वाद्य म्हणजे मेलेल्या जनावराचे वाद्य. म्हणून सनई, शिंग, तुतारी, हलगी, ढोल ही मांग, होलार, घडशी आणि कोठे कोठे महार यांच्याकडे. वीणा, सतार आणि मोकळा कंठ मात्र वरच्यांकडे. देवाच्या ओठावरची बासरी तेवढी पवित्र राहिली, ती बहुधा चित्रातच असल्यामुळे! आपल्याकडे संगीताचा इतिहास लिहिणारे घराण्यांची वंशावळ देतात, पण वाद्यांची ही जातवार वाटणी सांगत नाहीत. ती सांगितल्याशिवाय एक गोष्ट उलगडत नाही: मुंबईच्या चित्रपटसृष्टीला ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रोम्बोन वाजवणारे, आणि कागदावरची स्वरलिपी बघून वाजवणारे, वादक हवे झाले तेव्हा ते एवढ्या मोठ्या संख्येने गोव्यातूनच का यावेत?

गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलेखन शिकवत. पोर्तुगीज सत्तेला प्रार्थनेसाठी गायक-वादक हवे होते, म्हणून मेस्त नावाचा शिक्षक गावोगाव सोलफेज घोकून घेई आणि व्हायोलिन हातात देई. धर्मांतराने जात गेली नव्हती. बामण, चाड्डी, सुदिर हे भेद ख्रिस्ती गोव्यात शाबूत राहिले, बंधुसंघसुद्धा जातीवर चालले. तरीही तोंडाने वाद्य फुंकणे विटाळाचे आहे ही समजूत त्या शाळेत नव्हती, आणि गरिबाच्या मुलाला कागदावरचा सूर वाचता येऊ लागला. अक्षर जसे सत्तेचे साधन आहे तसे स्वरलिपीही आहे. मोठेबा सिनेमाला दोन-दोन वेळा बसून गाणे कानात भरून आणत. गोव्याचा वादक तेच गाणे कागदावर पाहून पहिल्या दमात वाजवी. हा फरक बुद्धीचा नव्हता. एकाला शाळा मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही.

ही शाळा असलेला एक मुलगा म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गाव बार्देशातले हळदोणे. वाद्य ट्रम्पेट. पुढे तो चिक चॉकलेट या नावाने गाजला, आणि मुंबईच्या हॉटेलांत त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आर्मस्ट्राँगसारखा घोगरा आवाज काढून तो गाई. ‘चॉकलेट’ या नावात रंग आहे, हे आपल्यासारख्यांच्या नजरेतून सुटणार नाही. गोऱ्या गिऱ्हाइकाला काळ्या अमेरिकन संगीताचा तोंडवळा हवा होता आणि एका सावळ्या गोमंतकीयाने तो पुरवला, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे, पण अर्धेच. आर्मस्ट्राँगची नक्कल करण्यासाठी आर्मस्ट्राँग कळावा लागतो.

तो कळण्याची सोय मुंबईतच झाली होती. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्यामागून क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. वेदरफोर्ड शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेला माणूस. मायदेशातल्या वर्णद्वेषापेक्षा शांघाय, मुंबई, कलकत्ता त्याला मानवले, आणि तो १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारला. त्याच्या बँडात रॉय बटलर हा काळा सॅक्सोफोनवादक होता, आणि रूडी कॉटन हे नाव घेतलेला कावसजी खटाव नावाचा पारशी सॅक्सोफोनवादकही. गोव्याचे तरुण वादक या मंडळींकडून रात्री ऐकत, दिवसा घोटून घेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहिले, १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले, काळ्यांचे साहित्य आपल्या नियतकालिकांतून चर्चिले गेले. पण काळ्यांचे संगीत मात्र आपल्याकडे वस्तीतून न येता पंचतारांकित दारातून आले. म्हणून ते साहेबाचे, श्रीमंतांचे, नाचगाण्याचे संगीत आहे असा आपला समज झाला. ज्यांच्या आजोबांच्या पायांत बेड्या होत्या त्यांनी ते निर्माण केले, ही गोष्ट त्या दारात गळून पडली.

चिकचा बँड ताजमध्ये वाजू लागला तो साधारण स्वातंत्र्याच्या आगेमागे. त्याच सुमारास सी. रामचंद्रांशी त्याची गाठ पडली. रामचंद्र नरहर चितळकर, जन्म १९१८, नगर जिल्ह्यातले पुणतांबे. शिक्षण शास्त्रीय, गांधर्व महाविद्यालयातले. मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवत वाजवत वर आलेला हा माणूस. त्याला संगीतकार म्हणून पहिल्या संधी दिल्या भगवानदादांनी, म्हणजे भगवान आभाजी पालव यांनी. गिरणी कामगाराचा हा मुलगा अमरावतीत जन्मला होता, आपल्या विदर्भात. तेव्हा ‘अलबेला’ उभा राहिला तो तिघांवर: गिरणगावातला नट-दिग्दर्शक, पेटीवरून उठलेला संगीतकार, आणि चर्चच्या शाळेतला ट्रम्पेटवाला. यातल्या दोघांची नावे महाराष्ट्राला पाठ आहेत.

इथे थोडे कारागिरीविषयी सांगायला हवे, कारण श्रेयाचा प्रश्न कारागिरीतच दडलेला आहे. त्या काळचा संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल बांधी. चाल म्हणजे गळ्याने गायची एक ओळ, अस्ताई आणि अंतरा. पण आपण जे गाणे ऐकतो ते एवढेच नसते. गाणे सुरू होण्यापूर्वीचा वाद्यमेळ, दोन कडव्यांमधले तुकडे, गायिका श्वास घेते तेवढ्या फटीत सरकून जाणारा सॅक्सोफोन, चालीच्या खाली उलट दिशेने चालणारी दुसरी सुरावट, कोणते वाद्य कोठे उठावे आणि कोठे गप्प बसावे, हे सगळे कोणीतरी ठरवून प्रत्येक वादकापुरते वेगळ्या कागदावर लिहावे लागते. त्याला अरेंजर म्हणत. दिग्दर्शक गुणगुणे, अरेंजर ऐके, लिही, आणि उद्याच्या ध्वनिमुद्रणाला तीसचाळीस माणसे ते एका वेळी वाजवत. जलशात शाहीर गातो आणि झीलकरी मागून सूर धरून ठेवतो. झीलकऱ्याने सूर सोडला तर शाहीर उघडा पडतो. अरेंजर म्हणजे असा झीलकरी, की ज्याने शाहिराच्या मागचा पुरा फड बांधला आहे.

चिक चॉकलेट हा रामचंद्रांचा सहायक म्हणून हे काम करी. रामचंद्रांनी १९४७च्या ‘शहनाई’पासून हिंदी गाण्यात पाश्चात्य नाचाची लय आणली. १९५०च्या ‘समाधी’त आणि १९५१च्या ‘अलबेला’त ती लय पक्की झाली, पितळ बोलू लागले. रामचंद्रांना जाझ ऐकण्याची ओढ होती, चिकला चाल ऐकण्याची. माझ्या मते या दोघांचा खरा संबंध इथे आहे: मराठी भावगीताच्या अंगाने जाणारी चाल आणि काळ्यांच्या संगीतातला झोका एकमेकांना ओरखडा न काढता नांदले. ‘अलबेला’तल्या एका गाण्यात चिक आणि त्याचे वादक झालरीचे कपडे घालून पडद्यावरही दिसतात. रामचंद्रांनी आपला सहायक लपवून ठेवला नाही, हे त्यांच्या खात्यावर जमा धरले पाहिजे. मोठेबांच्या बँडचा लाल कोट आणि पिवळी झालर कोठून आली, याचा पहिला संशय मला ते गाणे पडद्यावर पाहताना आला. तो संशय बहुधा चुकीचा आहे. बँडचे कपडे इंग्रजी पलटणीवरून आलेले, आणि सॅक्सोफोनही. अ‍ॅडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली त्याचे पेटंट घेतले, आणि ते वाद्य फोफावले लष्करी बँडांत.

चिकने स्वतंत्रपणे तीन चित्रपटांना संगीत दिले: ‘नादान’ (१९५१), ‘रंगीन रातें’ आणि ‘कर भला’ (दोन्ही १९५६). ते चित्रपट आज कोणाच्या लक्षात नाहीत. मदनमोहन यांच्याकडेही त्याने काम केले. १९६६च्या ‘आखरी खत’मध्ये हॉटेलातल्या गाण्यात तो ट्रम्पेट घेऊन पुन्हा पडद्यावर दिसतो. पुढल्याच वर्षी, मे १९६७ मध्ये, तो वारला. वय एक्कावन्न.

हॉटेलातला राजा स्टुडिओत सहायक का झाला, हा प्रश्न विचारायला हवा. एक कारण १९४९चा मुंबईचा दारूबंदी कायदा. दारू गेली तशी हॉटेलांतली नाचाची रात्र फिकी पडली आणि बँड मोडू लागले. दुसरे कारण गोरे गिऱ्हाईक बोटीत बसून गेले. जाझ वाजवणारे शेकडो हात मोकळे झाले आणि चित्रपटाने ते रोजावर घेतले. सिने म्युझिशियन्स असोसिएशन १९५०च्या दशकात उभी राहिली, वादकांच्या प्रती ठरल्या, प्रतीप्रमाणे पैसे ठरले. भाकर मिळाली. नाव मिळाले नाही. चित्रपटाच्या सुरुवातीच्या पाट्यांवर संगीत दिग्दर्शकाचे नाव मोठ्या अक्षरांत. मागे बसलेल्या तीसचाळीस जणांची नावे नसतच.

त्या काळी नाव नसणे इतके सवयीचे होते, की १९४९च्या ‘महल’मधील गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकरांचेही नाव नव्हते; चित्रपटातल्या पात्राचे, ‘कामिनी’चे, होते. गायकांनी पुढे झगडून आपले नाव मिळवले. वादक झगडू शकले नाहीत, कारण एक सॅक्सोफोनवाला रुसला तर दुसरा बाहेर उभाच होता. तबकडीवरचा गोल कागद छोटा असतो हे खरे, पण त्यावर कंपनीचे चित्र मावत होते.

न्यूझीलंडचे अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी २००८ साली या वादकांच्या मुलाखती घेऊन इंग्रजीत पुस्तक काढले; त्याआधी २००५ साली त्यांचे वरातीच्या बँडवाल्यांवरचे पुस्तक आले होते. नरेश फर्नांडिस यांनी २०१२ साली मुंबईच्या जाझचा इतिहास लिहिला. या कामाविषयी आदर ठेवूनच विचारतो: बँडवाल्यांच्या वस्त्या आपल्या, बँडवाले आपले, मग मराठीत हे काम आपण का केले नाही? याचे उत्तर मला माझ्या घरातच सापडते, ते पुढे सांगतो.

आता अमेरिकेतला सॅक्सोफोनवाला. त्याचे नाव पॉल गोन्साल्विस, जन्म १९२०, मॅसॅच्युसेट्समधला. आडनाव वाचून वाचक दचकतील. हे गोव्यातले आडनाव तिकडे कसे? आईबाप केप व्हर्ड बेटांतून आलेले, आणि ती बेटेही गोव्याप्रमाणे पोर्तुगालची वसाहत. एकाच बाप्तिस्म्याच्या पाण्याने दोन खंडांत एकच आडनाव वाटले. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्या शिष्याने, प्यारेलालने, १९७७च्या एका गाण्यात त्यांचे नाव गोवले आणि देशाने ते विनोद म्हणून गायले, ते याच आडनावाचे. चिक चॉकलेटचे जावई, हिंदुस्थानातल्या थोर जाझ सॅक्सोफोनवादकांत गणना व्हावी असे ब्राझ गोन्साल्विस, तेही.

पॉल १९५० साली ड्यूक एलिंग्टनच्या बँडात गेला आणि मरेपर्यंत, म्हणजे चोवीस वर्षे, प्राय: तिथेच राहिला. एलिंग्टन हा काळ्या अमेरिकेने दिलेला सर्वांत मोठा बँडप्रमुख. तो वाद्यांसाठी लिहीत नसे, माणसांसाठी लिहीत असे. अमुक सूर ‘दुसऱ्या सॅक्सोफोन’साठी नव्हे, तर हॉजेससाठी, कार्नीसाठी, गोन्साल्विससाठी. ७ जुलै १९५६च्या रात्री न्यूपोर्टच्या महोत्सवात, एलिंग्टनचा बँड आता जुना झाला असे लोक बोलत असताना, त्याने १९३७ सालच्या दोन रचनांच्या मध्ये गोन्साल्विसला मोकळे सोडले. बारा मात्रांच्या नव्हे, बारा मापांच्या ब्लूजची सत्तावीस आवर्तने तो एका दमात वाजवत गेला, म्हणजे तीनशे चोवीस मापे. खुर्च्यांवरचे लोक उठून नाचू लागले. पुढच्या महिन्यात एलिंग्टनचे चित्र ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आले. आपला जन्म १९५६ साली न्यूपोर्टला झाला, असे एलिंग्टन पुढे सांगत असे. सॅक्सोफोनवाल्याचे चित्र मुखपृष्ठावर नव्हते.

त्या रात्रीची एक गंमत, गंमत म्हणवत नाही अशी. गोन्साल्विस चुकीच्या ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिला. तो ध्वनिक्षेपक व्हॉइस ऑफ अमेरिका या सरकारी नभोवाणीचा होता, तबकडी काढणाऱ्या कोलंबिया कंपनीचा नव्हता. त्यामुळे लाखोंनी विकल्या गेलेल्या तबकडीत तो लांबून वाजवत असल्यासारखा ऐकू येतो. दोन्ही ध्वनिमुद्रणे जुळवून त्याचा खरा आवाज लोकांपुढे आला १९९९ साली, त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी.

आणि त्या सत्तावीस आवर्तनांनीच त्याचे नुकसान केले. जिथे जाईल तिथे श्रोत्यांना तीच धावपळ हवी असे. त्याचे खरे बळ संथ गाण्यात होते: सूर धूसर, काठ नसलेला, वाक्य जिथे संपेल वाटते तिथून पुढे वळणारा. एलिंग्टनने १९६६च्या अखेरीस पूर्वेकडच्या प्रवासावर जी रचनामालिका ध्वनिमुद्रित केली, तिच्यातला माउंट हरिसा हा भाग ऐकावा. तिथे हा दुसरा गोन्साल्विस भेटतो. तो प्रवास १९६३चा. अमेरिकी सरकारनेच तो काढला होता, आणि दिल्ली, मद्रास, मुंबई, कलकत्ता असा बँड फिरला. त्याच सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बाँब फुटून चार काळ्या मुली ठार झाल्या होत्या. आपल्याकडे काळ्यांना किती मान आहे हे जगाला दाखवायला सरकारला बँड हवा होता. मांडवाबाहेरच्या पंगतीची ही आंतरराष्ट्रीय आवृत्ती समजावी.

गोन्साल्विस दारू आणि अमली पदार्थांत बुडालेला होता. कार्यक्रमात झोपून जाई. एलिंग्टनने त्याला काढले नाही. हे औदार्य होते की अशा माणसाच्या सुराशिवाय आपली रचना पुरी होत नाही याची जाण होती? मला वाटते दोन्ही. एलिंग्टनचे सगळेच धुतल्या तांदळासारखे नव्हते. वादकांनी सहज वाजवलेल्या सुरावटींतून त्याने गाणी केली, आणि जॉनी हॉजेस व्यासपीठावरून त्याच्याकडे पाहत बोटांनी नोटा मोजल्याचा अभिनय करी, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण तो रोज रात्री प्रत्येक वादकाचे नाव मोठ्याने उच्चारी. गोन्साल्विस १५ मे १९७४ रोजी लंडनला वारला. एलिंग्टन तेव्हा न्यूयॉर्कच्या रुग्णालयात शेवटच्या आजारात होता. त्याच्या मुलाने ती बातमी त्याला सांगितली नाही. २४ मे रोजी एलिंग्टनही गेला.

चिक आणि रामचंद्र यांच्या संबंधात प्रेम नव्हते असे मी म्हणत नाही. नावाचा उच्चार करण्याची रीत तिथे नव्हती, एवढेच म्हणतो. ती रीत नसण्याचे कारण एका माणसाच्या स्वभावात शोधू नये. चाल म्हणजे प्रतिभा आणि वाजवणे म्हणजे अंगमेहनत, ही वाटणी आपण वर्णव्यवस्थेतून थेट ध्वनिमुद्रणाच्या खोलीत नेली.

आणि आपणही तिच्यातून सुटलेलो नाही. वामनदादा कर्डकांची गाणी आपल्या आयाबहिणींना पाठ आहेत. त्यांच्या मागे ढोलकी कोण वाजवी? पेटीवर कोण बसे? सभेच्या व्यासपीठावर आपण कवीला हार घालतो आणि ढोलकीवाल्याला भाड्याचे पैसे देतो.

माझ्या घरातली गोष्ट अशी. १९५६ नंतर आमच्या वस्तीने मेलेली ढोरे ओढणे सोडले, येसकरी सोडली, आणि सणासुदीला वाजवणेही सोडले. वडील त्यात पुढे होते. मोठेबांनी बँड सोडावा म्हणून ते त्यांच्याशी दोन वर्षे बोलत नव्हते. बाजा म्हणजे गुलामी, हे वडिलांचे म्हणणे. मोठेबा म्हणत, हलगी बलुत्याची होती, ती मी टाकली. हा सुपारीचा धंदा आहे, आधी रक्कम ठरते, मग वाद्य पिशवीतून निघते. शिवाय हे वाद्य मला बापाने दिलेले नाही, मी ते शिकलो. वडील बरोबर होते असेच मी कॉलेजात असताना मानत होतो. बँडवाल्यांविषयी आपण का लिहिले नाही, याचे उत्तर हेच: आम्हा शिकलेल्यांना त्यांची लाज वाटत होती. आज मला दोघांचे भांडण संपलेले वाटत नाही.

आता वरातीपुढे डीजेची गाडी असते आणि रिसोडच्या बाजूचे बरेच बँड मोडले आहेत. मोठेबांचा सॅक्सोफोन आमच्याकडे ट्रंकेत आहे. चाव्यांखालच्या गाद्या कसरीने खाल्ल्या, रीड केव्हाच फुटली. घंटेवर मेरठच्या कारखान्याचे नाव कोरलेले आहे, ते अजून वाचता येते. त्याखाली खिळ्याने ओरखडून कोणीतरी दोन अक्षरे काढली आहेत. ती मोठेबांच्या नावाची नाहीत. मास्तरच्या नावाची असावीत, असे वडील मरण्यापूर्वी एकदा म्हणाले होते. मास्तरने बँड मोडताना वाद्य मोठेबांना विकत दिले की तसेच दिले, हे मात्र त्यांनाही सांगता आले नाही.